लाल ठिपक्याचं कार्ड

१

“वन्सं, तुमच्या भावाचा आवाज चोरीला गेलाय.”

वहिनी एरवी मला ‘अगं’ म्हणते. ‘वन्सं’ म्हणाली की समजावं, प्रकरण साधं नाही. मी तेव्हा खिडकीत होते. बसस्थानकावर सापडलेल्या वस्तूंची खिडकी असते, तिच्या आतल्या बाजूला मी एकोणीस वर्षं बसते आहे. समोर एक गृहस्थ आपली छत्री काळीच होती असं छातीठोकपणे सांगत होते, आणि माझ्या मांडीवर त्यांची निळी छत्री होती, दांड्यावर त्यांचंच नाव कोरलेली.

“कुठला आवाज?” मी फोनवर विचारलं.

“एकच तर होता. यंत्रातला. अगं, सगळं कोरं! त्या दुकानवाल्यांनी पळवला.”

गृहस्थांना छत्री दिली. “ही माझी नाही, पण चालेल,” असं म्हणून ते गेले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

माझ्या भावाने, दादाने, सत्तावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर उजवा पाय आणि तोंडात “हळू, घाई नाही, आधी आरसा,” एवढ्या भांडवलावर त्याने अर्ध्या गावाच्या हातात स्टिअरिंग दिलं. अजूनही घरात कोणी काही चुकीचं बोललं की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. त्याला स्वतःला ते कळत नाही.

जानेवारीत एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. दादाच्या घशातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्र काढावं लागणार. आणि परगावी असलेल्या माझ्या भाचीला दिवस गेलेत. ऑपरेशन चार फेब्रुवारीला ठरलं. त्याआधी अकरा संध्याकाळी दादा बंद गाडीत काचा वर करून बसला आणि येणाऱ्या नातवंडाशी बोलत राहिला. आवाज टिपणारं एक छोटं यंत्र त्याच्याकडे होतं, शिकाऊ मंडळींना त्यांच्याच चुका ऐकवायला घेतलेलं. काय बोलला ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. “आधी ज्याचं आहे त्याने ऐकायचं,” म्हणाला होता. दादाचं आम्ही ऐकलेलं शेवटचं मोठं वाक्य तेच.

आता बाळ यायला बारा दिवस होते, आणि यंत्र कोरं होतं.

२

वहिनीने फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यातून प्लॅस्टिकचा डबा काढला. डब्यात तांदूळ, तांदळात चांदीच्या कागदाची पुडी, पुडीत कापूस.

“यात आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“कार्ड. आवाजाचं.”

“तांदळात?”

“चार्जर विकते ना ती बाई, ती म्हणाली, कार्डात ओल शिरली की आवाज दबतो. तांदूळ ओल ओढून घेतात.”

“मग फ्रीजमध्ये का?”

“टीव्हीच्या विभागातला म्हणाला, उष्णतेने उडतो, थंडाव्याला ठेवा.”

“आणि चांदीचा कागद?”

“वॉशिंग मशीनवाला म्हणाला, फ्रीजच्या दारात लोहचुंबक असतं, तिकडे फिरकूसुद्धा देऊ नका. म्हणून कागद. शिवाय मी रात्री बाहेर काढून ठेवते.”

मी खुर्चीवर बसले. दादा खिडकीजवळ पेपर वाचत होता, म्हणजे पेपर उलगडून धरला होता. त्याचा पाय हळूच जमिनीवर दाबला गेला.

“पहिल्यापासून सांग,” मी म्हटलं. “उड्या मारू नकोस.”

वहिनीने तरी दोन उड्या मारल्याच. हाती लागलं ते असं. ऑपरेशननंतर यंत्राला कोणी हात लावला नव्हता. मग तिला वाटलं, जुनं यंत्र, बंद पडलं तर काय घ्या! म्हणून ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेली. तिथला टायवाला, सगळ्यांत जुना विक्रेता, म्हणाला, “यात कार्ड टाका, बाई. आतलं सगळं आपोआप कार्डात उतरतं. यंत्र गेलं तरी आवाज शाबूत.” त्यानेच कार्ड टाकून दिलं. मग मे महिन्यात तिने घरी यंत्र चालू करून बघितलं, तर पडद्यावर शून्य. धावत दुकानात. टायवाला म्हणाला, “यंत्र म्हातारं झालंय, याला कार्ड वाचता येत नाही. जुनं द्या, नवं घ्या.” तिने जुनं दिलं, नवं आणलं. नव्यातही शून्य. तेव्हापासून तांदूळ, फ्रीज आणि चांदीचा कागद.

“नव्याचं कळल्यावर टायवाल्याला विचारलं नाहीस?”

“विचारलं की. म्हणाला, कार्ड नव्या यंत्रात रुळायला वेळ लागतो.”

“आणखी कोणाकोणाशी बोललीस तिथे?”

“एवढेच. बाकी एक होता, जुनं यंत्र जमा करून घेणारा. त्याला तर काहीच येत नव्हतं. मी साधं विचारलं, आतलं सगळं कार्डात आलंय ना? तर म्हणे बघून सांगतो. आत गेला तो गेलाच. शेवटी टायवालाच धावून आला बिचारा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पडद्याकडे बघितलं आणि झुरळ झटकावं तसा तो बंद केला.

“कोण गं?”

“फसवणारे. रोज याच वेळेला, जेवून आडवं व्हावं तर! अनोळखी नंबर उचलायचा नाही, मेसेज तर उघडायचाच नाही, बँक साफ होते. टायवाल्याने बजावून सांगितलंय.”

घड्याळात पावणेदोन होत होते. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं चित्त तांदळात होतं.

३

आमच्या खिडकीचा एक नियम आहे: वस्तू दाखवण्याआधी तिचं वर्णन घ्यायचं. आणि एकोणीस वर्षांत मला कळलंय ते इतकंच, की माणसं वस्तूचं वर्णन करतच नाहीत. तिच्याबद्दल आपल्या मनात जे असतं त्याचं करतात. तरी विचारायचं.

पुडी मुठीत धरून मी म्हटलं, “कार्ड कसं आहे सांग.”

“काळं. करंगळीच्या नखाएवढं. आणि मागे लाल ठिपका.”

“ठिपका कसला?”

“नेलपॉलिशचा! त्याने पाकीट फोडलं तेव्हा मी तिथल्या तिथे लावला. पर्समध्ये होतं. या लोकांचा काय भरवसा, बदलून टाकतील!”

मी पुडी उघडली. काळं, करंगळीच्या नखाएवढं. मागे लाल ठिपका.

“वहिनी, हे तुझंच कार्ड आहे. कोणी बदललेलं नाही.”

तिचा चेहरा असा पडला, जणू चोरीपेक्षा हे वाईट होतं. खरं म्हणजे होतंच. चोर असता तर माल कुठेतरी असता.

“मग हे कोरं कसं?”

“घरात कोणाच्या हाती गेलं होतं?”

“कोणाच्या नाही. जावईबापू आले होते गेल्या महिन्यात, त्यांनी लॅपटॉपला लावून बघितलं. काही नाही म्हणाले. आणि हो, नीट जेवलेसुद्धा नाहीत त्या दिवशी.”

मी फोन घेऊन बाहेर जिन्यात गेले. आमचे जावई कवळ्या बनवतात. दिवसभर परक्यांचे दात घासून घासून बसवायचे, म्हणजे हात स्थिर आणि बोलणं मोजकं. मी फक्त “कार्ड” म्हटलं आणि पलीकडे घासण्याचं यंत्र बंद झालं.

“आत्या,” ते म्हणाले, “लॅपटॉपने विचारलं, हे कार्ड वापरण्यासाठी कोरं करायचं का? मी घाईत हो म्हटलं. मला वाटलं, हो म्हटल्याशिवाय उघडणार नाही.”

“आणि?”

“आणि कोरं झालं. दुकानात फोन करून विचारलं, परत येईल का. त्यांनी सांगितलं, बंद करून चालू करा.”

“किती वेळा केलंत?”

“चाळीसेक.” मग आवाज अगदी बारीक करून, “तिला सांगू नका हो. बारा दिवसच राहिलेत. ती रोज विचारते, बाबांचं ते कधी आणणार.”

मी वळले. दार अर्धं उघडं होतं आणि त्यात दादा उभा होता. त्याचा आवाज गेलाय, कान नाहीत. त्याच्या हातात पाटी होती. जुन्या पद्धतीची, दगडी. फोनवर टाइप करणं त्याला झेपत नाही.

त्याने लिहिलं: *त्याने नाही. मी पुसलं.*

“कधी?”

*फेब्रुवारीत. मला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कार्ड काढलं, पुसलं.*

“का, दादा?”

*तो माणूस आता मी नाही. सोडून द्या.*

त्याचा उजवा पाय पायरीवर घट्ट दाबलेला होता.

४

एक आवाज, आणि तो पुसल्याची कबुली देणारे दोघं. खिडकीत एका पिशवीवर दोघांनी हक्क सांगितला की मी काय करते? दोघांनाही बाकावर बसवते आणि पिशवी उघडते. इथे पिशवीच रिकामी होती.

मी स्वयंपाकघरात येऊन चहा टाकला. वहिनी ओट्याशी उभी राहून तांदूळ परत डब्यात भरत होती. एक एक दाणा.

“कार्डाबरोबर काही कागद दिला होता का गं?”

“वॉरंटीचा आहे. मी काही टाकत नाही.”

तिने खरंच काही टाकलं नव्हतं. ड्रॉवरमध्ये पाकिटाचा फाटका पुठ्ठासुद्धा होता. वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा निळा शिक्का, आणि शिक्क्यात तारीख: १९ मार्च.

मी ती तारीख तीनदा वाचली. चहा उतू गेला.

“अगं, गॅस!” वहिनी ओरडली.

“वहिनी, कार्ड मार्चमध्ये घेतलंस?”

“मग सांगितलं ना तुला? मध्यातच कधीतरी.”

तिने सांगितलं नव्हतं, पण भांडायला वेळ नव्हता. मी दादासमोर जाऊन बसले.

“तू फेब्रुवारीत कार्ड पुसलंस?”

त्याने मान हलवली.

“जे कार्ड दुकानातून मार्चमध्ये आलं, ते?”

त्याने पाटी पुसली. मग हळूच लिहिलं: *जावई चांगला आहे. पोरगी त्याला जन्मभर सुनावेल.*

“म्हणून स्वतःवर घेतलंस?”

*माझ्यावर ती चिडेल. पण मी बाप आहे. विसरेल.*

वहिनी दारात उभी होती. तिने हे वाचलं आणि ती पदराने गॅसचा ओटा पुसायला लागली. उतू गेलेला चहा तिने आधीच पुसला होता.

आणि मी तिथे बसल्या बसल्या एका साध्या प्रश्नापाशी अडखळले. दादा बोलला जानेवारीत. कार्ड आलं मार्चमध्ये. म्हणजे दादा बोलत होता तेव्हा हे कार्ड दुकानात पाकिटात बंद होतं. मग त्याचा आवाज कार्डात होता असं आम्हाला सांगितलं कोणी?

फक्त टायवाल्याने. ‘आपोआप.’

पण जर आपोआप काही उतरलंच नसेल, तर जावयांनी जे पुसलं ते आधीपासूनच कोरं होतं. आवाज जिथे होता तिथेच राहिला असणार. त्या म्हाताऱ्या यंत्राच्या पोटात.

जे वहिनीने स्वतःच्या हाताने दुकानात देऊन टाकलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आम्ही दोघी दुकानात शिरलो. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच धबधबा. टायवाला खरोखर देखणा माणूस होता, टायला छोटी चिमटी लावलेली.

“या बाई! रुळलं का कार्ड?”

“यांची शंका आहे,” वहिनी म्हणाली आणि मला पुढे ढकललं.

मी म्हटलं, “यंत्रात कार्ड टाकलं की आतलं सगळं कार्डात येतं?”

“आपोआप.”

मी थोडी फिरले, दोन स्पीकर चाचपले, परत आले. “आणि समजा, मला यायला नको असेल तर?”

“नाहीच येत. तुम्ही सांगितल्याशिवाय कसं येईल?”

“हं. आणि कार्ड काढलं तर आवाज परत यंत्रात जातो?”

“हो, हो. आपोआप.”

मला त्याचा राग येत नव्हता, हीच पंचाईत. तो खोटारडा वाटतच नव्हता. माझ्या चेहऱ्यावर जे उत्तर लिहिलेलं असेल ते वाचून तो मलाच परत ऐकवत होता, आणि इतक्या प्रेमाने, की माझं मलाच पटत होतं. चार्जरवाल्या बाईने मध्येच येऊन वहिनीला विचारलं, “तांदूळ बदलता ना पंधरा दिवसांनी?” टीव्हीवाला म्हणाला, “फ्रीजर नव्हे बरं का, फ्रीज.” सगळे किती आपुलकीने बोलत होते. पाच मिनिटं आणखी थांबले असते तर मीच एखादं वॉशिंग मशीन घेऊन निघाले असते.

“यांचं जुनं यंत्र कुठे आहे?” मी विचारलं. “मे महिन्यात दिलेलं.”

टायवाल्याने हसून हात पसरले. “जुना माल दर महिनाअखेरीला भंगाराच्या गाडीत जातो, बाई. मे गेला, जून गेला. त्याचे आता तुकडेसुद्धा उरले नसतील.”

वहिनीने माझा दंड धरला.

“मी दिलं,” ती म्हणाली. “मीच दिलं गं. माझ्या हाताने. पिशवीसकट दिलं.”

तिच्याकडे बघवेना म्हणून मी इकडेतिकडे बघत राहिले. बिलाच्या टेबलामागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बाजूला, एक छापील कागद चिकटवलेला होता: *ग्राहकाला ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही.* खाली मॅनेजरची सही.

आणि त्याच्या पलीकडे, ‘जुनं द्या, नवं घ्या’ लिहिलेलं एक टेबल. टेबलामागे कोणी नव्हतं. वर पुठ्ठा उभा केला होता: *जेवणाची सुट्टी दीड ते दोन. दुकान मंगळवारी बंद.*

मी घड्याळ बघितलं. दीड वाजून पाच मिनिटं.

“वहिनी, तुझा फोन दे.”

“आता फोन कशाला?”

“दे म्हणते ना!”

६

तो नंबर वहिनीने ‘फसवा’ या नावाने जपून ठेवला होता. मी यादी वर सरकवत गेले. दोन महिन्यांचे फोन. दीडच्या आधी एकही नाही, दोननंतर एकही नाही. सोमवारी होता, बुधवारी होता, गुरुवारी होता. मंगळवारी एकदाही नाही.

“वहिनी, फसवणारी माणसं आठवड्याची सुट्टी घेतात का गं?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू आता घरात दोन रुग्ण झाले.

मी त्या नंबरवर फोन लावला.

दुकानाच्या मागच्या दाराआड कुठेतरी घंटी वाजायला लागली. साधी, जुनी, खणखणीत. टायवाल्याची मान तिकडे वळली. “आपला बघून-सांगतो जेवतोय वाटतं,” चार्जरवाली बाई हसून म्हणाली.

“कोण?”

“बघून-सांगतो. नावच पडलंय त्याचं. काहीही विचारा, याचं आपलं तेच. ‘माहीत नाही’ म्हणायची सोय नाही ना इथे, म्हणून याने ही पळवाट काढलीय. पंखा फिरतो का विचारलंत तरी पुस्तिका आणायला जाईल!”

दार उघडलं. पन्नाशीचा एक माणूस, चष्मा कपाळावर, एका हातात डब्याचं झाकण आणि दुसऱ्या हातात फोन.

“हॅलो,” तो फोनमध्ये म्हणाला, आणि तेच ‘हॅलो’ माझ्या कानात वाजलं. त्याने मान वर केली, वहिनीला बघितलं, आणि झाकण टेबलावर ठेवून दिलं.

“अहो बाई,” तो म्हणाला, “बिलावरच्या नंबरवर किती फोन केले तुम्हाला!”

“तुम्ही ते?” वहिनी म्हणाली. “मला वाटलं चोर.”

“साहजिक आहे. तुम्ही विचारलंत, आतलं कार्डात आलं का. मला खात्री नव्हती. पुस्तिका शोधायला आत गेलो, ती सापडेपर्यंत तुम्ही निघून गेलात.” त्याने चष्मा खाली ओढला आणि टेबलाच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तिका काढली. पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. “हे बघा. कार्ड टाकल्यावर यंत्र फक्त कार्ड दाखवतं. आतलं आतच राहतं, पण दिसत नाही. कार्ड काढून टाकलं की पुन्हा दिसायला लागतं.”

टायवाला खाकरला. “म्हणजे मी म्हटलं तेच. आपोआप.”

“आणि यंत्र?” मी विचारलं. “गाडीत गेलं ना?”

बघून-सांगतोने मॅनेजरच्या केबिनकडे एकदा चोरून बघितलं. मग खालचा कप्पा उघडला. वहिनीचीच कापडी पिशवी. आत ते यंत्र, त्याला रबराने बांधलेली चिठ्ठी, स्वच्छ गोल अक्षरात: *आत आवाज आहे. मालकांना विचारल्याशिवाय देऊ नये.*

“दोन गाड्या चुकवल्या,” तो हळूच म्हणाला. “तिसरी जमली नसती. कप्पे रिकामे करायची नोटीस निघालीय.”

“तुम्ही ऐकलंत आतलं?” वहिनीने विचारलं.

“दहा सेकंद. कोणाचं आहे कळावं म्हणून. मग बंद केलं.” तो ओशाळला. “घरचं बोलणं होतं.”

वहिनीने यंत्र हातात घेतलं. भर दुकानात ती रडली, सगळ्या टीव्हींवरचे धबधबे मागे कोसळत असताना. चार्जरवाली बाई पाणी घेऊन आली. “रडण्याने डोळे स्वच्छ होतात,” ती म्हणाली. तिच्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच बहुधा बरोबर असावा. मला नक्की माहीत नाही.

७

वाटेत वहिनी म्हणाली, “म्हणजे चोर कोण मग?”

“कोणी नाही.”

“असं कसं? इतकं सगळं झालं आणि कोणी नाही?”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिथे पाच माणसं तुझ्याशी बोलली. चौघांनी तुझ्या डोळ्यांत बघून पक्कं उत्तर दिलं, कारण पक्कं उत्तर देणं ही त्यांची नोकरी आहे. त्या चौघांचं तू ऐकलंस. पाचव्याला ठाऊक नव्हतं आणि ते त्याने लपवलं नाही, म्हणून तू त्याला मोजलंसुद्धा नाहीस. मी नावं विचारली तेव्हा म्हणालीस, “एवढेच.” मीही मोजलं नाही. निळ्या छत्रीला काळी म्हणणारा माणूस मला रोज भेटतो, आणि दरवेळी क्षणभर माझाच छत्रीवरचा विश्वास उडतो.

वहिनीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “त्या माणसाला डब्याला काहीतरी चांगलं करून पाठवते. त्याला काय आवडतं विचारशील?”

“बघून सांगते,” मी म्हटलं. ती हसली, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

घरी दादा खिडकीशीच होता. वहिनीने पिशवीतून यंत्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने आधी चिठ्ठी वाचली. दोनदा. मग अंगठ्याने यंत्राची कड चाचपली, जिथे ते एकदा गाडीच्या दारात चेमटलं होतं. पाटी उचलली आणि परत ठेवली.

“मी जाऊ का आत?” वहिनीने विचारलं. “आधी बाळाने ऐकायचं म्हणाला होतात.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

तिने पडद्याकडे बघितलं. अनोळखी नंबर, परगावचा. सवयीने अंगठा लाल गोलाकडे गेला. दादाचा पाय जमिनीवर दाबला गेला.

वहिनीने फोन उचलला.

“आई? मीच बोलतोय!” जावयांचा आवाज, मागे चाकांच्या खडखडाटाचा आणि धावपळीचा आवाज. “माझा फोन घरीच राहिला, हॉस्पिटलमधून करतोय. अकरा दिवस आधीच! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. आई, ऐकताय ना? ही बघा, हिच्याच कुशीत आहे. रडतेय नुसती, थांबतच नाही. नर्स म्हणते भूक, डॉक्टर म्हणतात थंडी, पलीकडच्या आजी म्हणतात पोट. काही कळत नाही हो!”

फोनमधून ते रडणं येत होतं, बारीक आणि भयंकर रागावलेलं.

वहिनीने फोन दादासमोर धरला. दादाने यंत्र चालू केलं. पडद्यावर शून्य नव्हतं, अकरा होतं. त्याने यंत्र फोनला टेकवलं आणि बटण दाबलं.

आधी गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग काच वर गेल्याचा. मग घसा साफ केल्याचा, तो जुना, खडबडीत घसा.

“हळू,” माझा भाऊ म्हणाला. “घाई नाही. आत्ताच तर बसलीस. किंवा बसलास, जे असेल ते, मला ठाऊक नाही. आधी आरसा बघ. मागे आम्ही सगळे आहोत. दिसलो? हां. आता सावकाश...”

पलीकडचं रडणं थांबलं होतं की आम्हालाच ऐकू येईनासं झालं होतं, मी सांगू शकत नाही. मी दादाच्या पायाकडे बघत होते. तो जमिनीवरून हळूहळू उचलला गेला.